केस घट्ट बांधून बसावे

हार्लेमच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर पहिले तीन आठवडे मी शेजारच्यांच्या रेडिओवरून डच शिकत होते. भिंत पातळ होती. सकाळी सव्वाआठ वाजले की पलीकडे बातम्या लागायच्या. बाईचा आवाज, भारदस्त, एकेक शब्द सुटा. शिकवणीच्या पुस्तकातलं डच आणि बाजारातलं डच यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो हे मला एव्हाना कळून चुकलं होतं, पण या बाईचं डच मला समजायचं. या देशात कायमचं राहायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते आणि मी त्यात दोनदा नापास झाले होते. त्यामुळे कणीक मळता मळता मी भिंतीकडे तोंड करून त्या बाईच्या मागून वाक्यं म्हणायचे. चौथ्या आठवड्यात एके दिवशी रेडिओ शिंकला. मग 'सॉरी' म्हणाला आणि तीच बातमी पहिल्यापासून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सव्वाआठला बाहेर गेले. आमच्या इमारतीत सगळ्यांची स्वयंपाकघरं एका लांबलचक सामायिक गॅलरीकडे तोंड करून होती. शेजारच्या खिडकीत एक कृष्णवर्णी बाई बसली होती. मोहरीच्या रंगाचं जाकीट, कानात पंजाएवढ्या रिंगा आणि डोक्याभोवती केसांचा दाट, गोल, ऐसपैस पसारा. समोर पाककृतींच्या पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला फोन. वाचन संपेपर्यंत तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग फोन बंद केला आणि खिडकी उघडली.

"मला वाटलं, तुमच्याकडे रेडिओ आहे," मी म्हणाले.

"रेडिओ नाही, टेलिव्हिजन," ती म्हणाली. "टेलिव्हिजनवाल्यांना अजून कळलेलं नाही, एवढंच."

ही रोझेल. वय बेचाळीस. आई सुरिनामहून आलेली, रॉटरडॅमला राहणारी. रोझेल एका प्रादेशिक वाहिनीच्या बातम्यांच्या विभागात अकरा वर्षं होती. माहिती काढायची, माणसं गाठायची, दुसऱ्याने विचारायचे प्रश्न लिहून द्यायचे आणि चित्रांच्या मागचं निवेदन वाचायचं, हे तिचं काम. "माझा आवाज आठ वर्षं टीव्हीवर आहे," ती सांगायची. "चेहरा यायचाय." तिला संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या निवेदिकेची खुर्ची हवी होती. हे ती पहिल्या भेटीत सांगून मोकळी झाली. आपल्याकडे कसं, 'बघू या, मिळालं तर मिळालं' असं म्हणत मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसायची रीत. मला ते नवीनच होतं. एखादी बाई सरळ 'मला ती खुर्ची हवी आहे, आणि ती मला शोभेल' असं म्हणते आणि वर कॉफीला बोलावते.

त्यानंतर आठवड्याभरात करोनाने देश बंद केला. माझा नवरा मंदार आइंटहोवेनला एका चिपच्या कंपनीत इंजिनिअर. तो घरी बसला आणि त्याने जेवणाचं टेबल बळकावलं. मी बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. दिवसभर पायजमा आणि वर ऑफिसचा शर्ट, असं आमचं रूप. रोझेल मात्र रोज सकाळी नखशिखांत तयार होऊन आपल्याच स्वयंपाकघरात कामाला जायची. मी एकदा खिडकीतून वाकून पाहिलं, तर टेबलाखाली टाचांचे चकचकीत बूट.

"ते कुणाला दिसणार आहेत?" मी विचारलं.

"बूट घातले की वाक्य नीट संपतं," ती म्हणाली. मी प्रयोग करून पाहिला. सोमवारच्या मीटिंगला बूट घालून बसले. मंदारने विचारलं, बाहेर चालली आहेस का. वाक्यांचं काही सांगता येत नाही, पण त्या दिवशी मी मॅनेजरला पहिल्यांदा 'नाही जमणार' म्हणाले.

कपड्यांच्या बाबतीत तिचे नियम पक्के होते. बारीक रेघा नकोत, कॅमेऱ्यात त्या नाचतात. हिरवा नको, पडद्यावर विरघळतो. अंगावर एकच गोष्ट अशी हवी की लोकांना ती दुसऱ्या दिवशीही आठवेल, दोन असल्या की एकही आठवत नाही. तिच्या कपाटात हँगरांना चिठ्ठ्या होत्या. कुठला कपडा वाईट बातमीला, कुठला मंत्र्याच्या मुलाखतीला, कुठला राजाच्या वाढदिवसाला. न मिळालेल्या नोकरीचा तो सगळा पोशाख तयार होता. मला आधी हसू आलं, मग आलेलं हसू आवरलं. आठ वर्षं कुणी असं कपाट लावत असेल तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

तिला मी दिलेली पहिली वस्तू म्हणजे ब्लाऊजपीस. आपल्या ओटीतले ब्लाऊजपीस सगळ्यांना माहीत आहेत. ते कुणी शिवत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात, हळदीकुंकू लागलेले, फिरत राहतात. आईने माझ्या बॅगेत वीस-बावीस कोंबले होते, 'परदेशात कुणाची ओटी भरायची वेळ आली तर' म्हणून. परदेशात कुणाची ओटी भरणार होते मी? रोझेलला त्यातले खणाचे दिसले. जांभळा, हिरव्या काठाचा एक तिने उचलला, उजेडाकडे धरला, चुरगळून पाहिला.

"हे कशासाठी असतं?"

मी समजावलं. एक बाई दुसरीला देते, दुसरी तिसरीला.

"आणि घालतं कोण?"

"कुणीच नाही."

"इतकं सुंदर कापड, आणि तुम्ही बायका ते घालायची वेळ आली की पुढे सरकवता?" ती म्हणाली. एका तुकड्यात डोकं बांधून होत नाही, म्हणून तिने दोन जोडून शिवले आणि रविवारी डोक्याला बांधून गॅलरीत आली. कपाळावर गाठ, काठ बरोब्बर वर. इमारतीतल्या चार जणांनी कुठे मिळतं म्हणून विचारलं. मी आईला व्हिडिओवर दाखवलं. आई म्हणाली, "किती तरतरीत चेहरा आहे गं, पण..." आणि थांबली.

"पण काय?"

"काही नाही. खण छान दिसतोय."

तो 'पण' मला पुरता ओळखीचा होता. माझ्या वाट्यालाही आलेला होता. माझ्या लग्नाच्या वेळी पुण्यातल्या फोटोग्राफरने न विचारता माझा फोटो उजळ करून दिला होता आणि घरातल्या कुणीही, मीसुद्धा, हरकत घेतली नव्हती. मंदार तोच फोटो बघून आला. ही गोष्ट मी रोझेलला सांगितली, आणि सांगताना नेहमीप्रमाणे 'मी जरा सावळी' असं म्हणाले, तेही आवाज खाली आणून.

"मग तो आला तेव्हा काय म्हणाला?"

"म्हणाला, फोटो तुझ्यासारखा आला नाही."

"बरा आहे मग." ती हसली. नंतर म्हणाली, "पण ब्यूर्फ्राऊ, तू आत्ता कुजबुजलीस का? मी काळी आहे. मी हे कधीच हळू म्हणत नाही. मी हळू म्हणाले तर बाकीचे काय करतील?" ब्यूर्फ्राऊ म्हणजे शेजारीणबाई. माझं नाव मेधा, ते तिला चांगलं येत होतं, पण तिला ब्यूर्फ्राऊच आवडायचं.

त्याच दुपारी तिने मला विगची गोष्ट सांगितली. आवाजाचं काम मिळालं त्याच सुमाराला हवामानाची बातमी देणारी बाई आजारी पडली आणि रोझेलला दोन आठवडे उभं राहायची संधी आली. कुणीतरी प्रेमाने म्हणालं, एकदाच सरळ केसांचा विग घाल, लोकांना सवय झाली की मग बघू. तिने घातला. दोन आठवडे झाले, ती बाई परत आली, रोझेल पुन्हा चित्रांच्या मागे गेली. रॉटरडॅमला आईने कार्यक्रम बघून फोन केला होता. आई म्हणाली, हवामान छान सांगितलंस, पण तू कुठे होतीस? "तेव्हा मी ठरवलं," रोझेल म्हणाली, "आता जाईन ती डोक्यासकट जाईन."

आता माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल, आणि ते मला सोपं जात नाही. आमची कंपनी घरबसल्या स्टुडिओ देणारं सॉफ्टवेअर बनवायची. माणूस आपल्या स्वयंपाकघरात बसतो, सॉफ्टवेअर त्याला मागच्या भिंतीपासून कापून वेगळं काढतं आणि मागे स्टुडिओचं चित्र लावतं. करोनात आमची सुगी झाली. त्यातल्या चुका शोधणाऱ्या गटाची मी प्रमुख. चुका शोधायच्या म्हणजे आम्ही स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसायचो. मी, आमचे दोन डच मुलगे, आणि पुण्याच्या ऑफिसातल्या चार जणी. मुलग्यांचे केस बारीक, पुण्याच्या मुलींच्या वेण्या. एकदा मी न्हाऊन केस मोकळे सोडून बसले, तर कडेचे केस पडद्यावर झिरमिळायला लागले. मी ती चूक नोंदवली. वरून उत्तर आलं, फार महत्त्वाची नाही, वापरणाऱ्यांसाठीच्या सूचनांत एक ओळ टाका. मी टाकली. केस घट्ट बांधून बसावे. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. जन्मभर 'झिंज्या सोडून काय बसलीस, केस बांध' ऐकत आलेल्या बाईला ती ओळ लिहिताना कसला विचार पडणार?

उन्हाळ्याच्या शेवटी रोझेलच्या वाहिनीवरचा जुना निवेदक निवृत्त झाला. त्या खुर्चीसाठी तिघांना निवडलं, त्यात रोझेल. स्टुडिओ बंदच होता, म्हणून चाचणी घरून द्यायची, आमच्या सॉफ्टवेअरवर. वाहिनी आमची नवी गिऱ्हाईक होती, त्या वर्षातली सगळ्यात मोठी.

गॅलरीत दीड मीटरचं अंतर ठेवून आम्ही दोन खुर्च्यांवर बसलो होतो. तिच्या हातात सूचनांचा कागद होता. तिने तो बातमी वाचावी तसा वाचून दाखवला. उजेड समोरून असावा. मागे हालचाल नसावी. केस घट्ट बांधून बसावे.

"हे असलं कोण लिहितं?" तिने विचारलं.

"असतं कुणीतरी," मी म्हणाले.

आजही ते दोन शब्द आठवले की माझे कान गरम होतात. सांगून टाकायला काय हरकत होती? ती रागावली असती, मग हसली असती, कदाचित दोघी मिळून काही मार्ग काढला असता.

आम्ही तिच्या घरी, खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून करून पाहिलं. ती जशी होती तशी बसली. मी बटण दाबलं. मागे सुंदर स्टुडिओ आला आणि रोझेलच्या डोक्याचा वरचा अर्धा भाग त्यात गेला. उरलेल्या केसांना कात्रीने वेडेवाकडे कातरल्यासारख्या कडा. तिने मान वळवली तर कान नाहीसा झाला. आधी ती खो खो हसली. पुन्हा मान वळवली, पुन्हा कान गेला. मग हसणं थांबलं.

"मी रोज सकाळी स्वतःला बघते," ती म्हणाली. "इतकी थोडी कधी दिसले नव्हते."

तेव्हा मला दोन गोष्टी माहीत होत्या. ही चूक मनावर घेतली तर दोन-तीन महिन्यांत सुधारता येईल. आणि हे सगळं बंद करून साध्या भिंतीसमोर चाचणी देता येते, एका बटणाचं काम आहे, वाहिनीला एक पत्र लिहिलं तर ते नाही म्हणणार नाहीत. पण त्या पत्रात सॉफ्टवेअरला काय जमत नाही हे लिहावं लागलं असतं. मोठं गिऱ्हाईक बिथरलं असतं, बोट माझ्या गटाकडे आलं असतं, आणि या देशात राहण्याचा माझा परवाना माझ्या नोकरीवर टांगलेला होता. हे सगळं माझ्या डोक्यात त्या क्षणी इतकं स्पष्ट होतं असं म्हणणं म्हणजे स्वतःला हुशार ठरवणं होईल. भीती वाटली, एवढं खरं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "एकदाच बांध ना. खुर्ची मिळाली की मग तुझं राज्य."

'एकदाच' हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या सायकली बघत राहिली. अकरा वर्षं, तिघांतली एक, बेचाळिसावं वर्ष. पुढची वेळ येईल याची हमी तिला कोण देणार होतं?

चाचणीच्या दिवशी तिचे केस जेल लावून कवटीला चापून बसवलेले, मागे लिंबाएवढी गाठ. जाकीट गडद निळं. आमच्या सॉफ्टवेअरने तिला इतकं सुबक कापलं की आमच्या जाहिरातीत घालावं. खुर्ची तिला मिळाली.

मी तुपातला शिरा केला. तिच्या आईने रॉटरडॅमहून पोम पाठवला, म्हणजे एक कंद किसून त्यात कोंबडी घालून भाजतात ते. आम्ही गॅलरीत उभ्या उभ्या खाल्लं. करार वाचताना तिचं बोट एका कलमावर थांबलं होतं, ते तिने मला दाखवलं. निवेदिकेचं पडद्यावरचं रूप चाचणीच्या वेळेसारखं राहील, बदल करायचा तर वाहिनीच्या संमतीने. "थोड्या महिन्यांनी बोलेन," ती म्हणाली आणि सही केली.

आणि काय काम केलं तिने, तेही आपल्या स्वयंपाकघरातून, कारण स्टुडिओ अजून बंदच होता! पहिल्याच महिन्यात तिच्यासमोर एका वृद्धाश्रमाचे संचालक होते. मरणाच्या दारात असलेल्या माणसांना त्यांची मुलं का भेटू शकत नाहीत, हा प्रश्न. संचालक नियम सांगत होते, समित्या सांगत होते. रोझेलने तोच प्रश्न तीनदा विचारला, आवाज न चढवता. चौथ्यांदा तिने विचारलं, "तुमच्या आई कुठे असतात?" संचालक थांबले. तीही थांबली. टीव्हीवर इतका वेळ कुणी गप्प बसलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "आमच्याच आश्रमात. मीही भेटलेलो नाही." माझी पोळी तव्यावर जळाली. भिंतीपलीकडे ती आणि टीव्हीतही ती, दोन्हीकडून एकच शांतता येत होती. लोकांनी वाहिनीला पत्रं लिहिली. अर्ध्या पत्रांत त्या मुलाखतीबद्दल होतं आणि अर्ध्यांत, जाकीट कुठून घेतलं.

रोज दुपारी दीड तास ती केस दाबायला बसायची. हिवाळा आला. मार्चमध्ये एकदा ती गॅलरीत दिसली, तर उजव्या कानशिलावर छोटी चिकटपट्टी. मी विचारलं. "ओढ बसते," ती म्हणाली. "लहानपणी आई ओढून बांधायची, मग ते दोन आठवडे, आता हे. कातडीला कंटाळा आला असेल." तिने वाहिनीच्या प्रमुखाशी बोलणं काढलं होतं. तो भला माणूस होता, ती नेहमी म्हणायची. तो म्हणाला, रोझेल, तू सगळ्यांना आवडतेस, प्रेक्षक आधीच धास्तावलेले आहेत, आता केसांचा विषय नको, उन्हाळ्यानंतर बघू. उन्हाळ्यानंतर म्हणाला, नव्या वर्षात बघू. तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही. तिच्या पहिल्या चिकटपट्टीशेजारी दुसरी आली.

मी मधल्या काळात एक काम केलं होतं. ती जुनी चूक पुन्हा उघडली होती, वर मॅनेजरशी भांडले होते, वेगवेगळ्या केसांच्या माणसांना मोबदला देऊन कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. दोन-तीन महिन्यांचं म्हटलेलं काम वर्षभर चाललं, पण झालं. त्या शरद ऋतूत आमचं नवं सॉफ्टवेअर बाहेर पडलं आणि मी शाळकरी मुलीसारखी धावत तिची खिडकी वाजवली.

"आता सोडू शकतेस. एक केस कापला जाणार नाही, मी स्वतः तपासलंय."

ती कानशिलावर मलम लावत होती. "सॉफ्टवेअर सुधारलं, छान झालं," ती म्हणाली. "करार आहे तसाच आहे." मग बोट हवेत थांबलं. "तू तपासलंस म्हणजे?"

तिला मी सॉफ्टवेअरमध्ये आहे एवढंच माहीत होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये, हे मी दीड वर्ष सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या खिडकीबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. ती ओळ, पुण्याच्या वेण्या, ते एक बटण, परवाना. ती मुलाखतीत बसायची तशीच बसली होती. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"ती ओळ लिहिताना तुझ्यासमोर कुणाचे केस होते?"

"माझे," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. "साध्या भिंतीसमोर चालेल, एवढंच मला सांगायचं होतंस, मेधा," ती म्हणाली. "बाकी मी बघून घेतलं असतं." आणि खिडकी लावली, आपटली नाही, नीट कडी घालून लावली.

त्यानंतर आम्ही गॅलरीत एकमेकींना 'गुड मॉर्निंग' म्हणायचो, त्यापलीकडे काही नाही. डिसेंबरात पुन्हा सगळं बंद झालं. एका गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर खुर्चीत दुसरीच मुलगी होती, पिंगट केसांची. रोझेल रजेवर आहे, म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती मुलगी 'रजेवर' म्हणायचीही थांबली. एका शनिवारी मी बाजारातून आले तर शेजारची स्वयंपाकघराची खिडकी मोकळी होती, आत भिंतीवर कपाटाचा पांढरा चौकोन उमटलेला. दारात तिची आई, मास्क लावून, शेवटचं खोकं उचलत होती. मी मदत करू का विचारलं. "नको, झालं," ती म्हणाली. तिला मी कोण ते माहीत होतं की नाही, कळलं नाही.

तिला मी पुन्हा एकदाच पाहिलं. निर्बंध नुकतेच सैल होत होते. मी युट्रेख्टला गाडी बदलत होते. फलाटाच्या टोकाला लांब काळा कोट आणि पांढरी, उंच, ताठ कॉलर घातलेली बाई उभी होती, डोक्यावर लोकरीची टोपी. उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं. आपण पुढे जावं की खांबाआड व्हावं, असं झालं मला. तिनेच हात केला.

हिलव्हर्सुमला निघाली होती, तिथल्या एका मोठ्या वाहिनीत चाचणी होती. या वेळी प्रत्यक्ष स्टुडिओत. मी आईची चौकशी केली, तिने मंदारची केली. मी भाषेच्या परीक्षेत पास झाल्याचं सांगितलं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी म्हणाले, "रोझेल, मला माफ कर."

"तुला वाईट वाटतं हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुला बरं वाटावं म्हणून मी आता काही म्हणणार नाही."

आवाजात राग नव्हता. तिने टोपी काढली. डोकं पूर्ण तासलेलं होतं, तुळतुळीत. कवटीचा आकार इतका देखणा असेल असं त्या केसांखाली कधी कळलं नव्हतं. पण दोन्ही कानशिलांवरची कातडी बाकीच्या डोक्यापेक्षा वेगळी दिसत होती, गुळगुळीत आणि जराशी फिकट.

"हाउसआर्ट्सकडे गेले होते," ती म्हणाली. हाउसआर्ट्स म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर. "तिने पुढे त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, इथले परत येणार नाहीत. मग म्हटलं, बाकीचे तरी कशाला ठेवायचे."

"त्यांना माहीत आहे का, वाहिनीला?"

"त्यांच्याकडे जुनी चित्रफीत आहे, बांधलेल्या केसांची. आज बघतील."

"आणि नाही म्हणाले तर?"

तिने कॉलर दोन्ही हातांनी सारखी केली. "तर त्यांना माझ्या तोंडावर म्हणावं लागेल," ती म्हणाली.

गाडी आली. दारापाशी गर्दी होती, ती थांबली, उतरणाऱ्यांना वाट दिली. फलाटावर वारा असा होता की माझे डोळे पाणावले होते, माणसं मफलरात नाकं खुपसून उभी होती. काही जण वळून तिच्या डोक्याकडे बघत होते. ती चढली, खिडकीपाशी बसली, पर्समधून कागद काढून वाचायला लागली. गाडी हलली तेव्हाही टोपी तिच्या मांडीवरच होती.